शेळ्यासुद्धा वाचतात

वॉल्व्हिस बे, नामिबिया
११ फेब्रुवारी

मोरेनिके ताईंना,
इथूनच जमिनीवर पालथा पडून नमस्कार. तुम्ही म्हणालात फोनवर बोलू नकोस, लिही, नाहीतर आठवीत सोडलेली अक्षरं पुरती पळून जातील. म्हणून ई-मेल लिहितोय. अंगठा दुखतो. दिवसभर हेक मासा सोलायचा आणि मग याच हाताने टाइप करायचं. मोबाइलला मासळीचा वास लागलाय तो आता जाणार नाही.

इथे सकाळी धुकं असं असतं की शेजारी उभा माणूस खोकला तरच कळतो. एका बाजूला समुद्र, एका बाजूला वाळू, मधे आमची फॅक्टरी. मी कंटाळलो होतो आणि लुआंडाला जायचा विचार होता, पण तुम्ही ओरडाल म्हणून राहिलो. खोलीत फाराई नावाचा झिम्बाब्वेचा एकजण आहे. मास्तर होता. आता तोही मासे सोलतो. मला म्हणतो, आपण दोघं एकाच वर्गात बसलोय बघ.

त्या दिवशी फोनवर तुमचा आवाज बरा नव्हता. म्हणालात, "अलाओ, या खेपेला मला कायम केलं नाही तर घालवतील." आणि लाइन तुटली. कोण घालवील? तुमच्यासारखं शिकलेलं आपल्या ओशोग्बोत कोण आहे? आणि ते "संदर्भ कमी आहेत" म्हणालात ते काय? संदर्भ म्हणजे काय चीज आहे? सोपं करून सांगा. मी काही प्रोफेसर नाही.

तुमचा अलाओ


ओशोग्बो
१९ फेब्रुवारी

प्रिय अलाओ,
पत्र मिळालं. अक्षरं पळाली नाहीत अजून, बरं वाटलं. लुआंडाचं नाव काढू नकोस. एका जागी बूड टेक.

सोपं करून सांगते. संशोधक लेख लिहितो तेव्हा ज्यांच्या कामावर तो उभा आहे त्यांची नावं शेवटी देतो. माझ्या कामावर कुणी उभा राहिला आणि त्यानं माझं नाव दिलं, की तो माझा एक संदर्भ. आमच्याकडे लेख कुणी वाचत नाही, संदर्भ मोजतात.

माझं काम तुला ठाऊक आहे. कॉम्प्युटरच्या प्रोग्राममध्ये एका जागी दुरुस्ती केली, तर न बघितलेल्या दुसऱ्या जागी काय मोडेल, हे आधी कसं ओळखायचं. त्यावरचा माझा सगळ्यात चांगला लेख लोक वाचतात, नाव देतात. पण त्यावर पहिलं नाव आमच्या विभागप्रमुखांचं आहे, प्रोफेसर ओलाबांजींचं. त्यांनी त्यातली एक ओळ लिहिली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तुझं नाव पुढे असतं तर कुणी उघडून तरी बघितलं असतं का?" आणि समिती फक्त तेच लेख धरते ज्यावर आपलं नाव पहिलं. तसा माझा एकच लेख बरा आहे. त्याला एकेचाळीस संदर्भ. शंभर लागतात. ऑगस्टमध्ये समिती बसेल. कंत्राट दोनदा वाढवलं, तिसऱ्यांदा वाढत नाही. कायम, नाहीतर बाहेर. बाहेर म्हणजे हे क्वार्टरही गेलं, आणि या वयात दुसरं विद्यापीठ दारात उभं करत नाही. बारा वर्षं मी या एका कामाला दिलीत अलाओ. मला दुसरं काही येतही नाही.

तुला हे सांगून काय उपयोग. पण दुसऱ्या कुणाला सांगू? इथे भिंतींनाही बढती हवी आहे.

तुझी,
मोरेनिके


वॉल्व्हिस बे
२ मार्च

ताई,
पालथा पडून नमस्कार. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग फाराईला वाचायला दिलं, रागावू नका. तो म्हणाला, बरोबर आहे, असंच असतं, आमच्याकडेही असंच.

मग मला एकदम कळलं. अहो, हे तर आपल्या लग्नातल्यासारखंच! बँड वाजतो, नाचणारा मधे येतो, लोक पुढे होऊन एकेक नोट त्याच्या कपाळाला लावतात. किती लागल्या त्यावरून माणूस किती मोठा ते गाव ठरवतं. नाचतो कसा ते कोण बघतो! मोडुपे आत्याच्या साठीला तुम्ही नाचायला उतरलात, आठवतं? सगळ्यांनी एकाच कापडाचे कपडे घातलेले, आणि तुम्ही मधे एकट्या. कुणी पुढे येईना. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे. तुमच्या पायांची लय चुकायला लागली होती. तेव्हा बाबांनी आम्हा पोरांच्या हातात सुट्ट्या नोटा कोंबल्या आणि म्हणाले, "जा रे, सुरू करा. घरच्यानं पहिली लावली की परके लाजून लावतात." आणि लागल्या की नाही? शेवटी तर नोटा गोळा करायला दोन बायका लागल्या!

तेव्हा घाबरू नका. त्या ओलाबांजीला मात्र एकदा आमच्या बर्फाच्या खोलीत उभा करायला हवा, नुसत्या बनियनवर.

तुमच्या त्या लेखाचं पूर्ण नाव पाठवा ना. भिंतीवर लावीन. खोलीत दुसरं काही लावण्यासारखं नाही.

अलाओ


ओशोग्बो
७ मार्च

वेड्या, ते नोटांसारखं नाही. नोट ओळखीचा लावतो. संदर्भ अनोळखी माणसानं दिला तरच त्याला अर्थ.

लेखाचं नाव खाली दिलंय. लांबलचक आहे, भिंत पुरणार नाही. पण तू मागितलंस याचं बरं वाटलं. आजवर कुणी मागितलं नव्हतं.

मोरेनिके


ओशोग्बो
२८ मे

अलाओ!
तुझी एप्रिलभर दोन-दोन ओळींची पत्रं येतायत, "बरा आहे, काम जास्त आहे". काय चाललंय? कुणी मुलगी आहे का? असली तर सांग, नसली तरी सांग.

माझ्याकडे मात्र बातमी आहे. लोक मला वाचतायत! एप्रिलच्या मध्यापर्यंत सत्तेचाळीस होते. मग साठ. परवा एकशे आठ. आज सकाळी बघितलं तर एकशे तीस! मी दार लावून घेतलं आणि खोलीत नाचले, शप्पत. वीज नव्हती, पंखा नव्हता, घामाघूम झाले, तरी नाचले. कुठकुठले लोक, नावंही वाचता येत नाहीत मला. त्यांचे लेख उघडायला पैसे मागतात म्हणून उघडले नाहीत, पण यादी बघत बसते. बारा वर्षं मी विहिरीत ओरडत होते असं वाटायचं. आता विहिरीतून उत्तर येतंय.

विभागात चहाला गेले तर प्रोफेसर ओलाबांजींनी स्वतः खुर्ची पुढे केली. म्हणाले, "डॉक्टर मोरेनिके, आम्हालाही शिकवा काहीतरी." मी म्हटलं, "आपणच शिकवलंत, प्रॉफ." आणि खुर्चीत बसले. चांगली मोठ्यानं बसले!

तू म्हणाला होतास ना, घाबरू नका. तुझ्या जिभेवर कुणीतरी बसलं होतं त्या दिवशी.

तुझी,
मोरेनिके


वॉल्व्हिस बे
३० मे

ताई,
तुमचं पत्र मासे सोलता सोलता वाचलं. बोट कापलं, पण काही नाही, थोडंसंच. मी सगळ्यांना ओरडून सांगितलं, माझी बहीण नाचली! कुणाला काही कळलं नाही, पण सगळे हसले. फाराईने कसाव्याची गारी भिजवली साखर घालून, आम्ही दोघांनी मेजवानी केली.

मी सांगितलं होतं ना, कुणीतरी सुरुवात करायची असते. मग परके आपोआप येतात. आता येतीलच.

मुलगी नाही. काम जास्त होतं, डबल पाळ्या केल्या. आता नाही करणार.

अलाओ


ओशोग्बो
१४ जुलै

अलाओ,
समितीनं बैठकीआधीच मला चौकशीला बोलावलं होतं. माझे संदर्भ ज्या लेखांतून आले ते त्यांनी उघडून टेबलावर मांडले होते. एक शेळ्यांच्या खुरांच्या रोगावर आहे. एक दातात भरायच्या सिमेंटवर. एक हॉटेलांतल्या चादरी किती वेळा धुवाव्या यावर. प्रत्येकाच्या शेवटी माझा लेख. काही लेखांत तर वाक्यांना अर्थही नाही, नुसते शब्द एकमेकांच्या पाठीवर टाकलेत.

प्रोफेसर ओलाबांजी म्हणाले, "डॉक्टर, तुमचं काम फारच पसरलं. आता शेळ्यासुद्धा वाचतात." सगळे हसले. मीही हसले अलाओ, तोंड हसलं, कारण मला तोपर्यंत कळलंच नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "कुठून विकत घेतलेत?" तेव्हा कळलं.

एकशे अठ्ठ्याऐंशी झालेत. रोज वाढतायत. मी थांबवायचं म्हटलं तरी मला येत नाही. आजवर ज्या यादीला हात लावून झोपत होते ती यादी आता बघवत नाही. मी आयुष्यभर मुलांना शिकवलं, तपासल्याशिवाय कशावर विश्वास ठेवू नका. आणि स्वतःचा आनंद तेवढा तपासला नाही.

घरी येऊन तुझी पत्रं परत वाचली. फेब्रुवारीतलं, मार्चमधलं आणि मेमधलं. मला काही विचारायचं नाही. तू फक्त हो किंवा नाही लिही.

मोरेनिके


वॉल्व्हिस बे
१५ जुलै

हो.

ताई, मी पालथा पडलोय, उठणार नाही. फाराईला एक माणूस माहीत होता. फाराई मास्तर असताना विद्यार्थ्यांचे प्रबंध लिहून द्यायचा, त्या दिवसांतला. तो म्हणाला, हे सगळे घेतात, मोठमोठे घेतात, यात काय. मी लेखाचं नाव दिलं, डबल पाळ्यांचे पैसे दिले. मला वाटलं थोडे घरचे लावायचे, मग परके येतील. शेळ्यांचं मला माहीत नव्हतं. मला वाटलं तुमच्याच विषयाचे लोक असतील, गरीब असतील, त्यांनाही मदत होईल. आता तो माणूस म्हणतो एकदा सोडलेलं परत ओढता येत नाही, ते पुढच्या लेखांतून येतच राहणार. मी त्याला शिव्या दिल्या. त्यानं मला बंद करून टाकलं, आता मेसेजही जात नाही.

पण ऐका, वाट आहे. तुम्ही केलं नाही ना? मी केलं. मी समितीला लिहून देतो. नाहीतर येतो. मालवाहू ट्रकने येईन, कसाही येईन. समितीपुढे पालथा पडेन. सांगेन, हा गाढव मी, आठवी सोडलेला, हिला काही माहीत नव्हतं. खरं सांगितल्यावर कसं नाही ऐकणार? तुम्ही फक्त ये म्हणा.

अलाओ


ओशोग्बो
३१ जुलै

अलाओ,
येऊ नकोस.

तू लिहिलेलं मी घेऊन जाणार होते. त्याआधी नुसतं चाचपून बघितलं. प्रोफेसर ओलाबांजींना म्हटलं, "समजा, माझ्या नकळत माझ्या कुणा माणसानं केलं असेल तर?" ते चष्मा पुसत होते. म्हणाले, "मोरेनिके, आपण सगळे इथलेच आहोत. समारंभात पोरं नोटा लावायला धावतात, त्या नोटा त्यांच्या हातात कोण देतं ते कुणाला माहीत नाही?"

तू माझ्यासाठी बोललास की ते मीच बोलल्यासारखं आहे. भाऊ ही इथे साक्ष नसते, कबुली असते. म्हणून तुझं नाव मी समितीपुढे काढलं नाही, आणि काढणार नाही.

पंधरा दिवस तुला लिहायला हात उठत नव्हता. राग खूप होता. आता एक गोष्ट झालीय म्हणून लिहितेय.

त्या सगळ्या कचऱ्यात एक खरा निघाला. युगांडात, म्बरारात, क्योमुगिशा नावाची एक बाई आहे, माझ्याच विषयातली. दवाखान्यात औषधं वाटायचा कॉम्प्युटरचा एक प्रोग्राम आहे, त्यात तिथले लोक एक गोष्ट सुधारायचे आणि लहान मुलांच्या औषधाचं माप भलतीकडेच बिघडायचं. तिनं माझी पद्धत घेतली आणि दुरुस्तीच्या आधीच ते पकडलं. एकदा नाही, दोनदा. तिच्या लेखात माझं नाव शेवटी यादीत नाही, मधे आहे, चांगलं पानभर. मी मधल्या काळात तो लेख बघितलासुद्धा नव्हता, गर्दीत दिसलाच नाही.

मी तिला सगळं खरं लिहिलं, तुझ्यासकट. तिचं लगेच उत्तर आलं. म्हणाली, मी तुमच्या समितीला लिहीन, हे काम खरं आहे आणि माझ्या दवाखान्यात चालतं. बावीस ऑगस्टला बैठक आहे. मी समितीला म्हणणार आहे, माझे सगळे संदर्भ काढून टाका, एकही धरू नका, हे एक पत्र वाचा आणि माझा लेख वाचा.

एका दोरीवर सगळं आहे. पण दोरी खरी आहे. प्रार्थना करत असशील तर कर.

मोरेनिके


वॉल्व्हिस बे
१२ ऑगस्ट

ताई,
पालथा पडून नमस्कार. तुम्ही माझं नाव घेतलं नाही हे वाचून मी शेडमागे जाऊन बसलो. धुक्यात बरं असतं, कुणाला काही दिसत नाही.

तुमच्या क्योमुगिशा मॅडमना देव सुखी ठेवो. पण मला चैन पडेना. तुम्ही तिकडे एकट्या आणि मी इथे मासे सोलतोय. वाटलं, ती बाई विसरली तर? कामात राहून गेलं तर? म्हणून मीही त्यांना लिहिलं. फाराईने पत्ता शोधून दिला, त्यांच्या विद्यापीठाच्या पानावरच होता. चांगलं लिहिलंय, काळजी करू नका, फाराईने इंग्रजी नीट केलं. लिहिलं की मॅडम, तुमच्या एका शब्दावर माझ्या बहिणीचं घर उभं आहे. आणि मोठ्या माणसाच्या दारात रिकाम्या हाताने जाऊ नये हे आपण लहानपणापासून शिकलोय, म्हणून शेवटी लिहिलं की तुम्हाला काय हवं असेल ते सांगा, मी कामावर आहे, पाठवीन, कमी पडणार नाही.

अजून उत्तर नाही. मोठी माणसं आहेत, वेळ लागतो.

बावीस तारखेला मी उपास करणार आहे. फाराईही करतो म्हणालाय, पण त्याचं काही खरं नाही, डब्याचा वास आला की तो खातोच.

अलाओ


वॉल्व्हिस बे
२५ ऑगस्ट

ताई, काय झालं? फोन लागत नाही. एक ओळ लिहा.

अलाओ


वॉल्व्हिस बे
१ सप्टेंबर

ताई, मी तुमच्या शेजारच्या किकेच्या आईला फोन केला. त्या म्हणाल्या, ती सामान बांधतेय. कुठे जाताय? माझ्याशी बोलू नका, मला मारा, पण लिहा.

अलाओ


इलेशा
२० सप्टेंबर

अलाओ,
मी इलेशात आहे. मुलींच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. कॉम्प्युटर चार आहेत, त्यातला एक चालतो. मुली चांगल्या आहेत. हसतात खूप.

बैठकीत काय झालं ते तुला कळायला हवं, कारण नाही कळलं तर तू अंदाज करशील, आणि तुझ्या अंदाजांची मला आता भीती वाटते.

बैठकीला निघण्याआधी क्योमुगिशाचं पत्र आलं. समितीला नाही, मला. रागाचं नव्हतं. लिहिलं होतं: "तुमच्या भावाचं पत्र आलं. मला काय हवं असं त्यांनी विचारलंय. ते प्रेमानं लिहिलंय हे मला समजतं. पण आता मी तुमच्या बाजूनं लिहिलं आणि हे पत्र कधी कुणाला सापडलं, तर मीही विकली गेले असं होईल. पुढच्या वर्षी माझीही बढती आहे. मला दोन मुलं आहेत. माझा नवा लेख छापायला गेला होता, त्यातून तुमचं नाव मी काढायला सांगितलंय. पद्धत मी वापरत राहीन. मला माफ करा."

मी तरीही गेले. म्हटलं, सगळे संदर्भ काढा, लेख वाचा. बावीस पानं आहेत, मी बाहेर थांबते. समितीतला एकजण म्हणाला, "आम्ही वाचायला बसलो तर मोजणार कोण?" तो थट्टा करत नव्हता अलाओ. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

पाच जण होते. माझा लेख कुणीच वाचलेला नव्हता, प्रोफेसर ओलाबांजी सोडून. त्यांनी वाचलाय. मी बाहेर पडताना ते जिन्यापर्यंत आले आणि हळू म्हणाले, "काम चांगलं होतं ग पोरी." होतं म्हणाले.

लेखावर आता मासिकानं लाल पट्टी लावलीय, चौकशी चालू म्हणून. ज्यांनी आधी खरंच वाचून नाव दिलं होतं, ते एकेचाळीस, तेही आता लिहून विचारतायत, आमचं नाव यात कुठे येणार नाही ना.

म्बरारात मात्र ते माप बिघडत नाहीये. माझं नाव नसलं तरी. मी हे स्वतःला रोज सांगते. काही दिवशी पटतं.

तुझ्यावर राग नाही. असता तर बरं झालं असतं, रागाला काही काम देता येतं. तू जे केलंस ते घरच्या माणसानं करावं तसंच केलंस, दोन्ही वेळा. म्हणून आता मी मागते ते नीट वाच. तू माझ्यासाठी काही करू नकोस. कुणाला लिहू नकोस, कुणाला फोन नको, कुणाला माझं नाव सांगू नकोस. तुझे हात लहानपणापासून गप्प बसत नाहीत, मला माहीत आहे. पण एवढंच हवंय. मला पत्र लिहीत जा. फक्त मला.

मोरेनिके


वॉल्व्हिस बे
९ ऑक्टोबर

ताई,
तुमचं पत्र मिळालं. कुणाला दाखवलं नाही, फाराईलाही नाही. त्यानं खोली बदललीय. मीच जा म्हटलं.

लुआंडाला जात नाही. एका जागी बसलोय.

आमच्या पट्ट्यावर नवीन मुकादमीण आलीय, इथलीच, बोलकी आहे. काम करता करता सगळ्यांची चौकशी करते, तू कुठला, तुझ्या मागे कोण. काल माझ्यापाशी आली. आधी असं कुणी विचारलं की पाळी संपेपर्यंत माझं तोंड थांबायचं नाही, तुमचं शिक्षण, तुमचे लेख, विद्यापीठ, सगळं. शेजारचे कंटाळून जागा बदलायचे.

ती म्हणाली, "आणि भावंडं?"

मी सुरी धुतली. म्हणालो, "कुणी नाही."

अलाओ